अक्का आणि मागचं दार

आमच्या ऑफिसात प्रत्येक लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली लावलेली असायची. लाल, मोठी, बायका सणासुदीला लावतात तसली. नवीन माणूस कामाला आला की त्याला आधी टेबल मिळायचं, मग खुर्ची मिळायची, आणि मग अक्का येऊन त्याच्या कॅमेऱ्यावर टिकली दाबून जायच्या. मालकांच्या लॅपटॉपलाही होती. कुणी कारण विचारलं तर अक्का म्हणायच्या, "तू काम करताना कुणी तोंडाकडे बघत बसलेलं आवडतंय का तुला? नाही ना? मग राहू दे की."

आमचा टॉवेलचा कारखाना. अक्का तिथल्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. विभागात त्या एकट्याच होत्या, पण सहीखाली 'विभागप्रमुख' लिहायला विसरायच्या नाहीत. मूळच्या कर्नाटकच्या हद्दीजवळच्या मैंदर्गीच्या. एमएस्सी केलेलं, लग्न केलेलं नाही, आणि या दोन्ही गोष्टी त्या एकाच सुरात सांगायच्या. माणसांशी मराठी बोलायच्या आणि कॉम्प्युटरशी कन्नड. कीबोर्डवर बोटं चालू असताना तोंडातल्या तोंडात कन्नड सुरू झालं की समजायचं, मशीनचं काहीतरी चुकलंय आणि आता त्याची खैर नाही.

मी तेव्हा करकंबहून नुकतीच सोलापुरात आले होते. एक्स्पोर्टचे कागद करण्याचं काम होतं आणि माझं टेबल अक्कांच्या शेजारी. पहिल्या दिवशी मी मोबाइल चार्जिंगला लावायला म्हणून केबल कॉम्प्युटरला जोडली. अक्कांनी ती काढली, स्वतःच्या पर्समधून चार्जर काढून भिंतीतल्या प्लगला लावला आणि म्हणाल्या, "भूक लागली तर माझ्या डब्यातलं जेव. पण या भोकात काय घालायचं नाही. हितनं काय काय आत येतंय तुला ठाऊक नाही."

"मोबाइल माझाच हाय की अक्का," मी म्हटलं.

"मोबाइल तुझा. त्यात कोण बसलंय ते तुला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी त्यांच्या डब्यातली शेंगाची चटणी मात्र हक्काने खात आले.

गाडीवरून उतरल्यावरही अक्का हेल्मेट काढायच्या नाहीत. गेटपासून ऑफिसच्या दारापर्यंत, माग खात्याच्या बाजूने, हेल्मेट घालूनच चालत यायच्या. वॉचमन हसायचा. "अक्का, आता तर तुमी चालतच आलाव की." त्यावर त्यांचं उत्तर असायचं, "डोकं तेच आहे की रे."

पासवर्ड सगळ्यांचे त्याच ठरवायच्या आणि कन्नडमधून ठरवायच्या. आमच्यापैकी निम्म्यांना त्याचा अर्थ कळायचा नाही. मालकांना एकदा हिरव्या मिरचीचं कन्नड नाव दिलं होतं. ते काही केल्या त्यांच्या तोंडात बसेना. त्या दिवशी दोन वेळा केबिनमधून त्यांनी मोठ्याने हाक मारली, "अक्का, ती मेणसिनकाई की मेणशिनकाई?" मग सगळ्या ऑफिसला कळलेला तो पासवर्ड अक्कांनी संध्याकाळी बदलला आणि दुसऱ्या दिवशी मालकांच्या वाट्याला वांगं आलं.

एक शब्द मात्र त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. आपोआप. कुणी म्हणालं, "मी काहीच केलं नाही, ते आपोआप झालं," की अक्का खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायच्या. "आपोआप काही होत नसतं. तुझं बोट कुठं होतं ते सांग. काय उघडलंस? काय बसवलंस? कशाला हो म्हटलंस?" माणूस घामाघूम व्हायचा. पण शेवटी निघायचंच. माग खात्यातल्या एका मुकादमाला मोबाइलवर लग्नपत्रिका आली होती. कुणाचं लग्न म्हणून त्याने ती उघडली. ती पत्रिका नव्हतीच, पत्रिकेचं नाव दिलेलं ॲप होतं. मोबाइलने विचारलं, बसवू का? हा म्हणाला, बसव. मग त्याच्या मोबाइलवरून तीच पत्रिका सगळ्या पाहुण्यारावळ्यांना जायला लागली. अक्कांनी त्याचा मोबाइल काढून घेतला, इंटरनेट बंद केलं आणि वॉचमनच्या मोबाइलवरून मुकादमाच्या एकेका नातेवाइकाला स्वतः फोन लावला. "नमस्कार. तुमच्याकडे लग्नाचं आमंत्रण आलंय ना? ते लग्न मोडलंय. पत्रिका उघडू नका." पलीकडची माणसं हळहळत होती. त्यांना खरं काय ते सांगत बसायला अक्कांना वेळ नव्हता.

अक्कांच्या खात्रीचा कधी कधी त्रासही व्हायचा. 'माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. त्यांच्या गाडीवर मागे बसून कुठे जायचं म्हणजे पाऊण सोलापूर बघून व्हायचं, कारण वाट विचारायची नाही हा नियम. चुकल्या तरी चुकले म्हणायच्या नाहीत. "हा रस्ता बघायचा राहिला होता," म्हणायच्या आणि पुढे जायच्या. म्हणून त्या वर्षी जे झालं ते मला इतकं नीट आठवतं.

आमच्याकडे डिझाइनचं काम अण्णा बघायचे. तेलुगू घरातले. वडिलांनी उभा जन्म मागावर काढला होता आणि अण्णा त्याच मागांसाठी कॉम्प्युटरवर नक्षी काढायचे. बोलणं कमी. रंग जुळेपर्यंत एका फुलापाशी दोन दोन दिवस बसायचे. त्या वर्षी त्यांनी टॉवेलच्या काठाला डाळिंबाच्या कळ्यांची नक्षी काढली होती. कळीची एक पाकळी मुद्दाम जराशी बाहेर वळवलेली. मालक एकदम खूश होते. एका मोठ्या गिऱ्हाइकाला ती दाखवायची होती.

मालक कागदावर छापलेला नमुना घेऊन गेले, तर गिऱ्हाइकाने तोच काठ आधीच पाहिलेला. दुसऱ्या एका कारखान्याने तो दाखवला होता. कळ्या त्याच, आणि वळवलेली पाकळीसुद्धा तीच.

मालक परत आले ते रागाने लाल होऊन. नक्षी दोघांनीच पाहिली होती, त्यांनी आणि अण्णांनी. त्यांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. काय बोलणं झालं ते बाहेर ऐकू आलं नाही. अण्णा बाहेर आले, डबा उचलला, चपला घातल्या आणि गेले. "काही दिवस घरी बसा म्हटलंय," मालकांनी सांगितलं. पण कारखान्यात अशी गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. चहाच्या वेळेपर्यंत अण्णांनी डिझाइन विकलं हे सगळ्यांचं बोलून झालं होतं. अण्णांच्या गल्लीतली कितीतरी माणसं आमच्याकडे मागावर होती, म्हणजे संध्याकाळी ते त्यांच्या घराच्या दारापर्यंत पोहोचलं असणार.

अक्का त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "अण्णाला नक्षी काढता येते. विकायला येत नाही."

त्यानंतर एकदा दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. बाकीचे खाली गेले होते. अक्का जेवताना समोरच्या भिंतीवरच्या नेटवर्कच्या डब्याकडे बघायच्या. तिथे प्रत्येक कॉम्प्युटरच्या वायरीसाठी एकेक हिरवा दिवा होता. लोक टीव्ही बघतात तशा त्या ते दिवे बघायच्या. जेवता जेवता त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"अण्णाच्या मशीनवर कोण बसलंय?"

मी मान वळवून पाहिलं. "कुणीच नाही. मागाला फाइल द्यायची म्हणून सकाळी चालू केलंय."

"मग ते एवढं कुणाशी बोलायलंय?"

तो एकच दिवा थांबायचं नाव न घेता फडफडत होता. बाकीचे अधूनमधून लुकलुकत होते. अक्का हात धुऊन आल्या आणि अण्णांच्या खुर्चीत बसल्या. मी वायर काढायला पुढे झाले तर म्हणाल्या, "थांब. आधी फोटो, मग वायर." त्यांनी काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं. हे मशीन आत्ता बाहेर कुणाकुणाशी जोडलेलं आहे त्याची यादी आली. त्यातला एक पत्ता आमच्या कुठल्याच कामाचा नव्हता. अक्कांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि मग वायर ओढली. दिवा विझला.

"व्हायरस हाय का?" मी विचारलं.

"व्हायरस दंगा करतो. मशीन हळू होतं, फाइली जातात, माणसाला कळतं. हा दंगा करत नाही. हा आत येतो, गप बसतो आणि मागचं दार उघडून ठेवतो. मग ज्यानं पाठवला तो पाहिजे तेव्हा येतो, पाहिजे ते घेऊन जातो. अण्णा पुढं बसून फूल काढायलाय आणि मागनं कुणीतरी ते उचलायलंय. बॅकडोअर म्हणतात ह्याला."

मी नकळत मागे वळून पाहिलं.

अक्कांनी चालू असलेल्या प्रोग्रामची यादी काढली आणि तोंडातल्या तोंडात कन्नड पुटपुटत एकेक नाव बोटाने खाली सरकत वाचायला लागल्या. एका नावावर बोट थांबलं. नाव विंडोजच्याच एका प्रोग्रामचं, पण त्यात एक अक्षर जास्त होतं. आणि राहायची जागाही चुकीची, विंडोजच्या फोल्डरमध्ये नाही तर आडबाजूच्या एका फोल्डरमध्ये. अक्कांनी ते बंद केलं, काढून टाकलं, मशीन परत सुरू केलं. ते पुन्हा तिथे हजर. अक्का खुशीत आल्या. "असं काय? म्हणजे ह्याला परत आणणारा वेगळा आहे." तो त्यांना सापडला, मशीन सुरू झालं की ठरलेली कामं करायची यादी असते त्यात. मशीन सुरू झालं की तिथून एक काम चालायचं आणि दुसऱ्याच कोपऱ्यात लपवलेल्या प्रतीवरून ते परत उभं करायचं. पुढे एक वापरणारा सापडला, म्हणजे मशीनमध्ये शिरायचं एक नाव, जे आमच्यातल्या कुणीच तयार केलं नव्हतं.

"पण आपला अँटीव्हायरस काय झोपला होता काय अक्का?" मी विचारलं.

"तेच बघते."

अँटीव्हायरसमध्ये एक यादी असते, या जागा तपासू नकोस म्हणून सांगायची. अक्कांनी ती उघडली. त्यात एकच फोल्डर होतं, डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं. ते आडबाजूचं फोल्डर आणि ती लपवलेली प्रत, दोन्ही त्याच्याच पोटात होती. अक्कांनी तो आला त्याची तारीख काढली. सॉफ्टवेअर बसवल्याची तारीख काढली. दोन्ही एकच होत्या.

त्यांचं कन्नड थांबलं.

मला ते सॉफ्टवेअर बसवल्याचा दिवस आठवत होता. कारखान्या-कारखान्यांतून फिरून डिझाइनचं सॉफ्टवेअर देणारा एक माणूस आमच्याकडे यायचा. खरं सॉफ्टवेअर मालकांना महाग वाटत होतं. याच्याकडच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलेलं होतं, परवान्याशिवाय तसंच चालायचं. त्याने पेन ड्राइव्ह दिला आणि सांगितलं की अँटीव्हायरस उगाच ओरडतो, तेवढा वेळ बंद ठेवा आणि या फोल्डरकडे बघू नको म्हणून सांगा. ज्या बाईने माझ्या मोबाइलची केबल काढून टाकली होती त्याच बाईने तो पेन ड्राइव्ह स्वतःच्या हाताने लावला होता. "मी तपासलंय, शंभर टक्के चांगलं आहे," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या.

खोलीत आम्ही दोघीच होतो. त्या तारखा मी पाहिल्यात हे त्यांना माहीत होतं आणि मी काही बोलणार नाही हेही माहीत होतं. मशीन पुसून टाकलं असतं तर तारखाही गेल्या असत्या. बाहेरचा कुणी शिरला होता, अण्णा निर्दोष आहेत, एवढं सांगून भागलं असतं.

अक्कांनी त्या तारखांचाही फोटो काढला आणि सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग. तोवर जेवून लोक वर आले होते आणि केबिनचं दार अक्कांनी लावलं नाही.

"अण्णाला बोलवून घ्या," त्या म्हणाल्या. "त्यानं काही केलेलं नाही. त्याच्या मशीनमध्ये बॅकडोअर आहे. डिझाइन तिथनं गेलं."

मालक उठून उभे राहिले. "कुठून आलं ते?"

"डिझाइनच्या सॉफ्टवेअरबरोबर."

"कुणी बसवलं?"

"मी. अँटीव्हायरस मी बंद केला. तपासू नको म्हणून मी सांगितलं. ही तारीख बघा."

मालक मोबाइलवरचा फोटो बघत राहिले. ते कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर घ्यायला कोण म्हणालं होतं, हे त्यांनाही आठवलं असणार, कारण त्यांचा आवाज खाली आला. "चूक होते माणसाकडून अक्का."

"होते. ती माझ्याकडून झाली आणि घरी अण्णा बसलाय."

मालकांनी मोबाइल अक्कांच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "बरं, ते पुसून टाका आता."

"पुसून भागत नाही. जे सापडलं ते पुसता येतं. जे सापडलं नाही त्याचं काय करायचं? सगळं मशीन कोरं करणार. डिझाइनच्या फाइली तेवढ्या बाहेर काढून दुसऱ्या मशीनवर तपासणार. प्रोग्राम एकपण ठेवणार नाही. आणि खरं सॉफ्टवेअर तुम्ही घेणार."

मालकांनी मान हलवली. पुढचे दिवस अक्कांनी सगळ्या ऑफिसला कामाला लावलं. एकेक कॉम्प्युटर नेटवर्कवरून तोडून तपासला. आणखी दोन कॉम्प्युटरांत तेच निघालं, पेन ड्राइव्ह तिथेही फिरला होता. तेही कोरे केले. सगळ्यांचे पासवर्ड बदलले, तेही तपासून झालेल्या मशीनवरून, कारण बाधलेल्या मशीनवर नवीन पासवर्ड टाकणं म्हणजे चोराला नवी किल्ली हातात देणं, असं त्या प्रत्येकाला समजावत होत्या. मालकांनी त्या दुसऱ्या कारखानदाराला गाठलं तेव्हा कळलं की त्याने ती नक्षी 'तयार डिझाइन' म्हणून त्याच सॉफ्टवेअर देणाऱ्या माणसाकडून घेतली होती. मालकांनी सायबर पोलिसांत तक्रार दिली, अक्कांनी फोटो दिले. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. तो पुढे सापडला की नाही, मला माहीत नाही.

मालकांनी अण्णांना फोन केला होता. अण्णांनी ऐकून घेतलं आणि "बघतो" म्हणून ठेवून दिला. सोमवारी आले नाहीत. मंगळवारीही नाहीत.

रविवारी सकाळी अक्का माझ्या खोलीवर आल्या. "चल. अण्णाच्या घरी जाऊ. मी एकटी गेले तर भांडण करून येईन."

त्या दिवशी त्यांनी वाट विचारली. दोनदा विचारली.

अण्णांचं घर शहराच्या पूर्व भागात. त्या गल्लीत रविवारीही कुठे ना कुठे माग चालू असतो, तसा तो शेजारच्या घरात चालू होता. अण्णांनी आम्हाला बसायला सांगितलं. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, पाणी आणलं. अक्कांनी सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता. अण्णांनी खाली मान घालून ऐकलं.

"मालकानं पाठवलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी आले."

अण्णांनी पाण्याचं भांडं अक्कांकडे सरकवलं. मग म्हणाले, "मला सांगून काय होतंय अक्का. मी केलो नाही ते मला माहीत हाय. हे आमच्या वडलांना सांगा."

वडील आतल्या खोलीत कॉटवर बसले होते. मागाच्या आवाजात जन्म गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि मराठी कळायचं तेही थोडंफार. अण्णांनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि आमच्यासमोर बसवलं. म्हणजे आता जे सांगायचं ते ओरडून सांगायचं होतं. दार उघडं होतं. समोरच्या ओट्यावर दोनतीन माणसं बसली होती, ती इकडे बघायला लागली. अक्कांनी दाराकडे एकदा पाहिलं. अण्णा दार लावायला उठले तर त्यांना हाताने थांबवलं.

"मी ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते," अक्का मोठ्याने म्हणाल्या. अण्णांनी ते वडिलांच्या कानाशी तेलुगूत सांगितलं, तेवढ्याच मोठ्याने.

"चोर येऊ नये म्हणून मला ठेवलंय."

अण्णांनी सांगितलं.

"मागचं दार मी उघडं ठेवलं. चोर तिथनं आला. नक्षी त्यानं नेली."

अण्णांनी सांगितलं. ओट्यावरची माणसं आता उठून दारापाशी आली होती.

"तुमच्या मुलानं काहीही केलेलं नाही. त्याच्यावर आळ आला तो माझ्यामुळं."

अण्णांनी तोंड उघडलं आणि त्यांना बोलता येईना. ते वडिलांच्या कानाशी तसेच वाकून उभे राहिले. वडील त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता काय म्हणाली ही बाई म्हणून. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींनी ते वाक्य सांगितलं. इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारचा माग थांबला आणि तिथलाही माणूस बाहेर आला.

वडिलांनी अक्कांकडे पाहिलं. मग त्यांनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला आणि अक्कांना काहीतरी विचारलं.

"दार बंद केलं का आता, म्हणतायत," वहिनी म्हणाल्या.

"केलं," अक्का म्हणाल्या. "स्वतः केलं. तरी रोज जाऊन बघते."

वडिलांना ते पटलं असावं. त्यांनी मान डोलावली आणि वहिनींना चहाचं सांगितलं. अण्णांनी डोळे पुसले, दारातल्या माणसांना आत बोलावलं. कुणीतरी अण्णांच्या वडिलांजवळ जाऊन बसलं. सगळे एकदम बोलायला लागले, तेलुगूत, आणि आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते चांगलं चाललंय एवढं कळत होतं.

चहा घेताना अक्कांची नजर कोपऱ्यातल्या टेबलावर गेली. तिथे अण्णांचा घरचा कॉम्प्युटर होता, वर टॉवेल झाकलेला.

"ह्याच्यावर पण नक्षी काढता काय हो अण्णा?" त्यांनी विचारलं.

"कधीमधी," अण्णा म्हणाले. "ऑफिसातलंच सॉफ्टवेअर आणून टाकलोय."

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. अक्कांनी कप खाली ठेवला, उठून त्या कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला आणि खुर्ची ओढून घेतली. थोड्या वेळाने त्यांचं कन्नड सुरू झालं. शेजारी स्टूल घेऊन अण्णा बसले आणि अक्का कुठे काय दाबतात ते बघायला लागले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आमच्यासाठीही तांदूळ टाकले.

सोमवारी अण्णा कामावर आले.